विकणारे शंभर, घेणारा कोण?

आमच्या ठाण्यातल्या मानपाड्याच्या सोसायटीची वार्षिक सभा म्हणजे टँकरचं पाणी, लिफ्टचा करार आणि पार्किंग. यंदा शेवटच्या अर्ध्या तासात मात्र वेगळाच विषय निघाला. चौथ्या मजल्यावरच्या एका उत्साही मुलीने प्रस्ताव मांडला की दर तीन महिन्यांनी क्लब हाऊसमध्ये घरोघरच्या वापरलेल्या वस्तूंचा बाजार भरवावा. लगेच दोन फळ्या पडल्या. एकीकडून ‘पृथ्वी वाचली पाहिजे, मुलांना काय तोंड दाखवणार’ असा सूर, तर दुसरीकडून ‘सव्वा कोटी मोजून घर घेतलं ते भंगार बाजारात राहायला का’ असा. एक काका उठून म्हणाले, “उद्या इथे चपलासुद्धा विकतील.” टाळ्या पडल्या. मग प्रस्तावाच्या बाजूच्या एका बाईंनी आपण वर्षभरात काय काय विकलं याची यादीच वाचून दाखवली: दोन सोफे, एक डायनिंग टेबल, तीन मोबाइल, सायकल, ट्रेडमिल. त्यांनाही टाळ्या. मी दोन्ही वेळा हात मांडीवर ठेवून बसले होते. काकांच्या टाळ्यांचं फार वाटलं नाही, तसे काका प्रत्येक सोसायटीत असतात. बाईंच्या टाळ्या मात्र खटकल्या. वर्षात दोन सोफे विकले म्हणजे वर्षात सोफे आणले किती?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जुनं विकल्याने पर्यावरणाचं काडीचंही भलं होत नाही. झालंच तर ते जुनं विकत घेतल्याने होतं, आणि तेही त्या खरेदीमुळे एक नवी खरेदी टळली तरच. सगळं श्रेय घेणाऱ्याचं आहे, आणि आपण टाळ्या विकणाऱ्याला वाजवतो. विरोध करणाऱ्यांना घेणाऱ्याची लाज वाटते, बाजू घेणाऱ्यांना विकणाऱ्याचं कौतुक वाटतं, आणि या भांडणात घेणारा कुणालाच दिसत नाही.

यात तर्क फार अवघड नाही. घरातला सोफा विकला की जागा होते, आणि रिकामी जागा ठाण्यातल्या कुठल्याही घरात पंधरा दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. शिवाय हातात पैसे येतात. दसरा-दिवाळीच्या ‘जुनं द्या, नवं न्या’ योजना नेमक्या याच जोरावर चालतात. दुकानदार तुमच्या जुन्या टीव्हीचे तीन हजार धरतो ते त्याला तो टीव्ही हवा असतो म्हणून नाही, तुमचा हात नव्या टीव्हीकडे जावा म्हणून. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ साली कोळशाबाबत हेच दाखवलं होतं. यंत्रं कमी कोळशात जास्त काम करू लागली की कोळसा वाचेल, असं लोक धरून चालले होते. त्याचं म्हणणं उलट होतं. वाफेची शक्ती स्वस्त पडली की जिथे ती परवडत नव्हती तिथेही इंजिन बसणार आणि एकूण कोळसा जास्तच जळणार. आपल्या फोनचं तेच झालं आहे. जुन्याचे नऊ हजार परत येणार हे आधीपासून ठाऊक असलं की साठ हजारांचा फोन मनातल्या मनात एक्कावन्नला पडतो, आणि तीन वर्षांनी बदलायचा तो दीड वर्षात बदलला जातो. जुन्या मालाच्या तेजीने नव्याचीच विक्री वाढवली, तर यात हिरवं काय?

आता तो नऊ हजारांचा फोन कुठे गेला ते पाहू, कारण खरी गोष्ट तिथे घडते. समजा, तो कळव्यातल्या एका डिलिव्हरी करणाऱ्या मुलाने घेतला. तो नाहीतर दहा हजारांचा नवा फोन घेणार होता. मग एक नवा फोन खरोखरच टळला, आणि ही बचत लहान नाही. फोनच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनापैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग तो पहिल्यांदा चालू होण्याआधीच होऊन गेलेला असतो. खाणीतून धातू काढणं, चिप बनवणं, जुळणी, वाहतूक हे सगळं त्यात आलं. चार्जिंगची वीज त्यामानाने किरकोळ. म्हणून फोन दोनऐवजी चार वर्षं चालला की त्याच्या बनण्याचा वर्षाला पडणारा भार निम्म्यावर येतो. पण समजा, त्या मुलाकडे आधी फोनच नव्हता. मग त्याची सोय झाली, कदाचित नोकरीही मिळाली, आणि हे चांगलंच झालं. फक्त ते पर्यावरणाच्या खात्यात जमा करू नका. मी आयुष्यभर लोकांच्या खातेवह्या तपासल्या आहेत. एकच रक्कम दोन ठिकाणी जमा दाखवली की माझा हात आपोआप लाल पेनकडे जातो.

माझ्या बाजूच्या लोकांनाही एक कडू घोट प्यायला लावते. सगळंच जुनं हिरवं नसतं. २००३ साली आम्ही कळव्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो, तेव्हा स्टेशनजवळच्या एका विक्रेत्याकडून अठ्ठावीसशे रुपयांना फ्रिज घेतला. दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलेलं, तिथे त्याने सफाईने पांढरा चिकटपट्टा लावला होता. तो आम्हाला घरी आल्यावर दिसला. कॉम्प्रेसर थांबायचाच नाही. रात्री चुकून थांबला तर आम्हाला जाग यायची, कारण तेवढीच शांतता व्हायची. एका मे महिन्यात गावी जाताना दूध-भाजी ठेवायला शेजारणीने फ्रिज मागितला म्हणून तेवढाच चालू ठेवून गेलो. चौदा दिवसांनी परत आलो तर मीटर अठ्ठावीस युनिटं पुढे. दिवसाला दोन, म्हणजे वर्षाला सातशेच्या वर. आज चांगल्या स्टारचा लहान फ्रिज वर्षाला दोनशेहून कमी युनिटांत भागवतो. वर त्या काळच्या जुन्या फ्रिजमधला वायू ओझोनचा थर खाणारा. १९८७ च्या माँट्रियल कराराने ज्यांच्यावर गदा आणली त्यांतला, आणि भारतात तो २०१० पर्यंत बंद करण्यात आला. आमचा अठ्ठावीसशेचा फ्रिज पृथ्वीलाही महाग पडत होता आणि आम्हालाही.

तेव्हापासून मी वस्तूंची सरळ विभागणी करते: बसून राहणाऱ्या आणि खात राहणाऱ्या. कपाट, टेबल, पितळेची भांडी, पुस्तकं, सायकल, कपडे, पाळणा या बसून राहणाऱ्या. यांचं जे काही नुकसान व्हायचं ते बनताना होऊन गेलं आहे, त्यामुळे जितकी जास्त वर्षं वापराल तितकं बरं. माझ्याकडचं लोखंडी कपाट तिसऱ्या घरात आलं आहे आणि माझ्यानंतर चौथ्यात जाईल. पत्र्याला मरण नाही, फक्त किल्ली हरवते. फ्रिज, एसी, पंप, जुनी डिझेल गाडी या खात राहणाऱ्या. यांच्या बाबतीत आधी तीन प्रश्न विचारायचे: किती खाते, किती वर्षांची आहे, आणि मला ती रोज लागते का. फोन आणि लॅपटॉप दिसतात खाणाऱ्यांतले, पण हिशोबाने पहिल्या गटात बसतात. एवढी साधी वाटणी जरी सभेत कुणी मांडली असती तरी अर्धा वाद मिटला असता.

पण विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा विजेच्या बिलाचा नाही आणि ढेकणांचाही नाही. (ढेकणांचा मुद्दा खरा आहे. गादी आणि कापडी सोफा मी स्वतः जुना घेत नाही, आणि लाकडी पलंग घेताना सांध्यांत टॉर्च मारून बघते.) तो त्यांनी नीट मांडलाही नाही, म्हणून मीच मांडते. आपल्या समाजात दुसऱ्याचं जुनं अंगावर घालणं हा कधीच नुसता काटकसरीचा प्रश्न नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी काय नेमून दिलं आहे? मेलेल्याची वस्त्रं, फुटक्या भांड्यात जेवण, लोखंडाचे दागिने. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती पोथी जाळली गेली, आणि त्याच परिषदेच्या दिवसांत डॉ. आंबेडकरांनी बायकांना सांगितलं की अस्पृश्यतेची खूण सांगणारा पेहराव आणि दागिने टाकून द्या, नीटनेटक्या राहा. ज्यांच्या आज्यांनी पिढ्यान् पिढ्या लोकांची जुनेरं नेसली, त्यांच्या नातवाने पहिल्या पगारात कोऱ्या कापडाचा वास घेत शर्ट शिवला, तर त्याला सुती कापडाच्या पाण्याचा हिशोब ऐकवायला आपण कोण? किलोभर सुती कापडामागे जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी जातं हे खरं आहे. पण त्या शर्टाच्या मागे जे गेलं आहे ते लिटरमध्ये मोजता येत नाही.

हा मुद्दा मी पूर्ण मान्य करते. फक्त तो वापरलेल्या वस्तू विकत घेण्याच्या विरोधात जात नाही, फुकट देण्याच्या विरोधात जातो. दोन वर्षांपूर्वी मी नवा मिक्सर घेतला आणि जुना आमच्या कामाच्या मावशींना देऊ केला. वर, चालू आहे हो, फक्त मधलं भांडं गळतं, असंही सांगितलं. मावशींनी तो हातात घेऊन उलटा केला, खालचा रबरी पाय तुटलेला पाहिला, आणि ओट्यावर परत ठेवला. “राहू दे ताई, माझ्याकडे आहे.” त्यांच्याकडे नव्हता, हे मला ठाऊक होतं. मला चार दिवस राग आला आणि पाचव्या दिवशी लाज वाटली. मी त्यांना मिक्सर देत नव्हते, माझी अडगळ त्यांच्या घरी हलवत होते आणि वर उपकाराची पावती मागत होते. तोच मिक्सर त्यांनी दुकानात चारशे रुपयांना पाहिला असता तर भांडं गळतं म्हणून दीडशे कमी करायला लावले असते, किंवा नको म्हणून पुढे गेल्या असत्या. पैसे मोजणाऱ्याला वस्तू उलटी करून बघण्याचा हक्क असतो. दान घेणाऱ्याला तो नसतो. म्हणूनच वापरलेल्या वस्तूंचा व्यवहार हा व्यवहारच राहिला पाहिजे. आणि ज्याला नवं सहज परवडतं त्याने जुनं घ्यायला सुरुवात केली पाहिजे, कारण नवी खरेदी टळणार आहे ती त्याचीच. मावशींनी जुना मिक्सर घेतल्याने कारखान्याच्या भट्टीला काही फरक पडत नाही. वर्षात दोन सोफे आणणाऱ्या घराने तिसरा जुना आणला तर पडतो.

दानाची ही गोष्ट जगभर सारखीच आहे. घानाची राजधानी आक्रा इथल्या कांतामांतो बाजारात पाश्चात्त्य देशांतून गठ्ठेच्या गठ्ठे वापरलेले कपडे येतात. २०२५ च्या पहिल्याच दिवसांत तो बाजार आगीत होरपळला तेव्हा त्याचं नाव आपल्याकडच्या बातम्यांतही आलं. या कपड्यांना तिथले लोक ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. इतके धडधाकट कपडे जिवंत माणूस टाकून कसा देईल, असा त्या नावामागचा साधा विचार. मनूची मेलेल्यांची वस्त्रं आणि आक्र्यातली मेलेल्यांची वस्त्रं यांत हजारो वर्षांचं अंतर, पण देणाऱ्याचं समाधान तेच. त्या गठ्ठ्यांतलं बरंचसं विकण्याच्या लायकीचं नसतं आणि ते तिथल्या नाल्यांत, समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पडतं. देणारा मात्र आपण पुनर्वापर केला म्हणून सुखाने झोपतो.

आपल्याकडेही असाच एक गोड गैरसमज आहे, की कपडे टाकले तरी त्यांचं पुढे काहीतरी होतंच. होतं, हे खरं. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं, पण आज ते गाव जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या उसवून त्यांचं सूत आणि घोंगड्या बनवण्यासाठी ओळखलं जातं. ही विद्या मूळची इंग्लंडातल्या यॉर्कशरची. १८१३ साली बॅटली गावच्या बेंजामिन लॉने ती काढली. त्या कापडाचं नाव ‘शॉडी’, आणि पुढे इंग्रजीत सुमार दर्जाच्या कुठल्याही कामाला तोच शब्द चिकटला. कारण उघड आहे. चिंधी यंत्रात फाडली की धागे तुटतात, तंतू आखूड होतात, आणि आखूड तंतूंचं कापड पहिल्याइतकं टिकत नाही. स्वेटरची घोंगडी होते, घोंगडीची फरशी पुसायची फडकी होतात, फडकी डम्पिंगवर जातात. स्वेटर स्वेटर म्हणून आणखी पाच हिवाळे घातला गेला तर ही उतरण पाच वर्षं लांबते. (ठाण्यात हिवाळा पाच दिवसांचा असतो हा भाग वेगळा.) आणि डम्पिंग म्हणाल तर आपल्या ठाण्याचा कचरा दिव्याहून भंडार्लीला, भंडार्लीहून भिवंडीजवळच्या आतकोलीला, असा भाडेकरूसारखा फिरतोय. ज्या गावात जातो तिथले लोक रस्त्यावर येतात, आणि त्यांचं काय चुकतं?

खरं तर ही सगळी व्यवस्था आपल्याकडे होती, आणि ती कुणी पर्यावरणासाठी केलेली नव्हती. माझं लहानपण नौपाड्यातल्या चाळीतलं. दुपारी तीनच्या सुमारास जेवणं आटपून बायका जरा लवंडल्या की जिन्यातून बोहारणीची आरोळी यायची. डोक्यावर टोपलीत स्टीलची भांडी, काखेत कपड्यांचं बोचकं. बहुतेक जणी गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजाच्या. ती आईच्या साड्या एकेक करून उजेडात धरायची, काठ ओढून बघायची, वडिलांच्या पँटीचा गुडघा आणि चेन तपासायची, शर्टाची कॉलर उलटून घासली आहे का ते पाहायची. आई पातेल्याकडे बोट दाखवायची आणि ती म्हणायची, “एवढ्यावर तर चायची गाळणी पण नाय येत, बेन.” मग अर्धा तास. शेवटी आई एक परकर वर टाकायची आणि ती झाकण वर टाकायची. या सौद्यात कुणाचे उपकार नव्हते. दोघीही आपण दुसरीला फसवलं या खुशीत असायच्या. ते कपडे पुढे धुऊन, शिवून, इस्त्री करून फुटपाथवर विकले जात, आणि जे अगदीच गेलेले असत त्यांच्या चिंध्या गॅरेजात आणि कारखान्यांत तेल पुसायला जात. आईच्या उरलेल्या लुगड्यांची गोधडी व्हायची. पितळेची भांडी मोडीत देऊन नवी आणायची, कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा. मोडीत काढणं हा शब्दप्रयोग आपण आता रागाने वापरतो, पण मोड म्हणजे किंमत असलेली जुनी धातू. फेकून द्यायची नव्हे, वजन करून घ्यायची.

ती बोहारीण आमच्या आजच्या सोसायटीत का येत नाही? गेटवर पाटी आहे म्हणून: ‘फेरीवाले, विक्रेते व भंगारवाले यांस प्रवेश नाही.’ सुरक्षेचं कारण मी हसण्यावारी नेत नाही, चोऱ्या होतात. पण कुरिअरवाली पन्नास पोरं रोज नव्या वस्तूंची खोकी घेऊन वर येतात, त्यांचा फोटो, नंबर, वेळ सगळं नोंदवायची व्यवस्था आपण केलीच ना? नवं आत आणणाऱ्याला लिफ्ट आणि जुनं बाहेर नेणाऱ्याला गेटबंदी, ही सुरक्षा नाही, आवड आहे. आणि ज्यांनी ही पाटी लावली तेच आता क्लब हाऊसमध्ये जुन्याचा बाजार भरवून तो शोध आपणच लावल्यासारखं बोलणार.

उद्योगांचा मुद्दा एकाने सभेत मांडला होता: लोकांनी नवं घेणं थांबवलं तर कारखाने बंद पडतील, पोरं बेकार होतील. ठाण्यात बसून हे म्हणायला धाडस लागतं. आपल्या डोळ्यांदेखत ठाण्याचे कारखाने गेले. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली आपल्या वागळे इस्टेटपासून झाली, तिथे आता काचेच्या इमारती आणि कॉल सेंटरं आहेत. रेमंडची गिरणी होती तिथे टॉवर आहेत. हे सगळं काय आपण जुनी कपाटं घेतली म्हणून झालं? जमिनीचा भाव मालाच्या नफ्याच्या पुढे गेला म्हणून झालं. उलट दुरुस्तीचं काम असं आहे की ते तैवानला पाठवता येत नाही. जांभळी नाक्यावर मिक्सरची कॉइल भरणारा, राबोडीतला शिलाई मशीनवाला, स्टेशनरोडला फोनचा डिस्प्ले बदलणारा पोरगा, यांची मजुरी ठाण्यातच मिळते आणि ठाण्यातच खर्च होते. सहाशे रुपयांच्या दुरुस्तीत चारशे रुपये माणसाच्या हाताचे असतात. साठ हजारांच्या नव्या फोनमध्ये ठाण्यातल्या हातांचे किती असतात?

तरीही सगळा दोष तुमच्या-माझ्या सवयींवर ढकलणं अन्यायाचं होईल. व्यवस्थाच कशी जुनं वापरणं अशक्य करते याचं उदाहरण प्रत्येक मराठी घरात होऊन गेलंय. जूनमध्ये वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत पाठ्यपुस्तकं घेणं ही आपली जुनी रीत. आदल्या मुलाच्या पेन्सिलीच्या खुणा, एखाद्या चित्रातल्या शिवाजी महाराजांना काढलेला चष्मा, हे सगळं त्यात फुकट मिळायचं. २०२३-२४ पासून दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत धड्यांबरोबर लिहायची कोरी पानं घातली. हेतू चांगला. पण मुलाने पुस्तकातच लिहिलं की ते पुस्तक दुसऱ्या मुलाच्या काय कामाचं? दोन वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, सरकारने ती पानं मागे घेतली. पण ती मुळात ठरवताना धाकट्या भावाचा विचार कुणी केला होता का? वस्तू बनवतानाच ती दुसऱ्याच्या हातात जाऊ शकेल की नाही हे ठरून जातं. चिकटवलेल्या बॅटरीचा फोन, सुटा भाग न मिळणारा मिक्सर, दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचं कपाट जे एकदा खोललं की पुन्हा स्क्रूच धरत नाही, यांना दुसरं आयुष्य जन्मतःच नाकारलेलं असतं. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात याचा आकडा छापणं सक्तीचं केलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्या वर्षअखेर पोर्टलही सुरू केलं. पण दुकानातल्या खोक्यावर मला अजून तसा आकडा दिसत नाही. विजेचे स्टार दिसतात, मग दुरुस्तीचे का नाही?

नवी मुंबईचं उदाहरण यात मला सर्वांत आशेचं वाटतं आणि सर्वांत खटकतंही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत शहराशहरांतून आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रं उघडली, तशी तिथेही उघडली. जुने कपडे, पुस्तकं, खेळणी, चपला आणून ठेवायच्या, ज्याला हवं त्याने न्यायचं. स्वच्छ सर्वेक्षणात देशात वरच्या क्रमांकावर असणारं शहर, काम नीटनेटकं. पण माझी बहीण ऐरोलीला राहते, ती तीनदा बॅगा भरून ठेवून आली. मी विचारलं, “आणलंस काय?” ती म्हणाली, “तिथून कसं आणायचं? ओळखीचं कुणी बघितलं तर?” देताना कुणी बघितलं तर चालतं, किंबहुना बघावंच. अशा केंद्रात वस्तूंवर किंमत लिहा. पन्नास रुपये, दोनशे रुपये, बोहारणींच्या आणि दुरुस्तीवाल्यांच्या गटाला ते चालवायला द्या, तपासून दिलेल्या वस्तूला महिन्याभराची हमी द्या. हमी असली की लाज निम्मी होते, कारण आपण गरजू राहत नाही, गिऱ्हाईक होतो. वाशी-तुर्भ्याच्या बाजारात कांदा-बटाट्याला गाळे आहेत, मग वापरलेल्या सामानाला नोडागणिक, म्हणजे शहराच्या प्रत्येक भागात, एक गाळा असायला काय हरकत आहे?

पंधरा दिवसांपूर्वी सोसायटीच्या बाजाराला मंजुरी मिळाली, आणि नोंदणीचे अर्ज ऑफिसात आले. मी खाली गेले तेव्हा मॅनेजरच्या टेबलावर भरलेल्या अर्जांचा चांगला जाड गठ्ठा होता. अर्जात चार रकाने: फ्लॅट क्रमांक, वस्तू, किती जुनी, अपेक्षित किंमत. मी फ्लॅट क्रमांक लिहिला, वस्तूच्या रकान्यात ‘पायाचं शिलाई मशीन, एक, हवं आहे’ असं लिहिलं आणि अर्ज पुढे केला. त्याने तो वाचला, पुन्हा वाचला, गठ्ठा उलटसुलट केला.

“मॅडम, हे कशात टाकू? घेणाऱ्यांचा फॉर्मच काढलेला नाही.”